सातव्या महिन्याचं पोट

आईच्या डाव्या छातीत टाचण्या खुपसलेल्या असायच्या, आणि कारखान्यात पहिल्यांदा आलेला माणूस त्या बघून हमखास दचकायचा. एकदा तर रंगमंचावर रोज चारचौघांना तलवारीने लोळवणारा एक धिप्पाड नट खुर्ची धरून मटकन खाली बसला आणि पाणी मागू लागला.

दचकण्यासारखं खरं तर काही नव्हतं. आईची स्वतःची डावी छाती कॅन्सरच्या ऑपरेशनात केव्हाच गेली होती. इस्पितळातून मिळालेली नकली आईने हातात घेतली, दाबून पाहिली, उलटी करून तिची शिवण पाहिली आणि ज्याने ही बनवली त्याने आयुष्यात बाई जवळून पाहिलेली नाही, असा निकाल दिला. मग स्वतःच एक शिवली. आत स्पंज, वजनाला मोहरी, वरून मऊ सुती कापड. काम करताना टाचण्या ठेवायला इतकी हाताशी जागा दुसरी कुठली. उजवीचा आपल्याला कधी एवढा उपयोग झाला नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दोन मुली पाजल्या ते तिच्या लेखी किरकोळ काम.

धंदाच तो होता. नाटकवाल्यांना लागणारी खोटी अंगं आई आणि धाकटी मुलगी मिळून बनवायच्या. कुबडं, ढेऱ्या, थुलथुलीत दंड, म्हातारपणाचे वाकलेले खांदे आणि गरोदर बायकांची पोटं. नाट्यगृहाच्या मागच्या दारासमोरचा जिना चढला की लांबट खोली. एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला भिंतभर खुंट्या, आणि खुंट्यांवर महिन्यांप्रमाणे टांगलेली पोटं. पाचवा, सातवा, नववा. तिसरा बनवायचाच नाही, कारण मागच्या रांगेतल्याला तो दिसत नाही आणि पुढच्या रांगेतल्याला वाटतं, बाई जेवून आली.

नवं पोट लगेच रंगमंचावर जात नाही. ते मुरवावं लागतं. कोरं पोट उशीसारखं ताठ बसतं, बाई चालली की ते एकीकडे आणि बाई दुसरीकडे. म्हणून कोणीतरी ते अंगाला बांधून सबंध दिवस काढायचा. जिने चढायचे, बाजार करायचा, वाकून कपडे धुवायचे, चपला शोधायच्या. अंगाच्या उबेने स्पंज सैलावतो, पट्टे खांद्याची ओळख करून घेतात आणि संध्याकाळपर्यंत पोट आपसूक आपल्या जागेवर उतरतं. मध्ये मात्र काढायचं नाही. काढलं आणि गार झालं की सगळं पहिल्यापासून. हा आईचा नियम, आणि तो मोडायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. खरं तर हे नटीनेच करायचं काम. पण नव्या नाटकातली नटी म्हणाली, मी अशी बाहेर पडले तर उद्या पेपरात येईल. तिचा बांधा धाकटीसारखाच होता, त्यामुळे सातवा महिना धाकटीच्या गळ्यात पडला. गळ्यात म्हणजे पोटावर.

नेमकं आत्ताच पडायला नको होतं.

त्याचं असं झालं होतं. आईचा कॅन्सर निस्तरल्यावर इस्पितळाने तिचं रक्त तपासलं, आणि हा आजार तुमच्या घरात वारशाने चालत आलेला दिसतो, असं सांगितलं. एक जनुक बिघडलेला आहे, प्रत्येक मुलीला तो मिळायची शक्यता निम्मी-निम्मी, नाणं उडवल्यासारखी. दोघी बहिणी तपासून आल्या. थोरली सुटली, धाकटी सापडली. थोरलीला आईचं नाक मिळालं नव्हतं, आवाज मिळाला नव्हता, तसं हेही मिळालं नाही. धाकटीला सगळं अगदी जसंच्या तसं. खाण तशी माती. त्या दिवशी आई एकच कुबड शिवत आणि उसवत बसली. दिवा लावायच्या वेळी म्हणाली, "मीच दिलं की गं हे तुला." बस, एवढंच. पण चेष्टेशिवाय आईच्या तोंडून निघालेलं ते पहिलंच वाक्य होतं, म्हणून ते धाकटीच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

पुढचं तिने आईला सांगितलंच नाही.

पुढचं असं, की लग्नाला काही वर्षं होऊनही मूल नाही म्हणून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिशी उलटली होती, पस्तिशी यायची होती. तपासणीत निघालं, की तिची स्त्रीबीजं तिच्या वयाच्या मानाने फारच कमी उरलीत. डॉक्टरीणबाई शांत होत्या, बोलताना कागदावर छोटी छोटी वर्तुळं काढायच्या. म्हणाल्या, तुमचा हा जनुक पेशींमधली तूटफूट दुरुस्त करणारा असतो, शिवण उसवली की टाका घालणारा. तुमच्यात त्याची एक प्रत बिघडलेली आहे. बीजं म्हणजेही पेशीच. त्यांची डागडुजी नीट झाली नाही तर ती लवकर संपत असावीत, असा एक तर्क आहे. काही अभ्यासांत तसं दिसतं, काहींत दिसत नाही.

म्हणजे माझी त्यामुळेच कमी आहेत का, असं धाकटीने विचारलं.

"ते सांगता येत नाही. कमी आहेत, एवढं खरं."

यासाठी धाकटीला त्या आवडल्या. देवाला विचारलं असतं तर तोही इतक्या सरळपणे 'माहीत नाही' म्हणाला नसता. मग आजीची आणि मावशीची पाळी चाळिशीतच थांबली होती, हेही निघालं. घरात आजवर ते भाग्य म्हणूनच सांगितलं जायचं, आमच्या बायका लवकर सुटतात म्हणून. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून आणखी एक वर्तुळ काढलं. आणि शेवटी खरी गोम सांगितली. या जनुकापायी बीजकोशांनाही कॅन्सरचा धोका असतो, त्यामुळे चाळिशीच्या आसपास, जमल्यास आधीच, ते काढून टाकावेत असा सल्ला देतात. म्हणजे एकीकडून माल संपत आलेला आणि दुसरीकडून दुकान बंद करायची नोटीस. मूल हवं असेल तर उरलेली बीजं आत्ताच काढून गोठवून ठेवायची. पाळीच्या दुसऱ्या दिवशी यायचं, त्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू. चिठ्ठी दिली, औषधं आधी आणून ठेवा म्हणाल्या.

धाकटीने चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. पाळी आली आणि गेली. नव्या नाटकाची घाई आहे, असं तिने इस्पितळाला कळवलं. नाटकाची घाई होतीच, पण ती कारण नव्हती. नवऱ्याला विचारावं तर तो नाट्यगृहातला दिवेवाला. दुसऱ्यावर उजेड टाकायचा आणि आपण अंधारात उभं राहायचं, हा त्याचा धंदा आणि हाच स्वभाव. तू म्हणशील तसं, म्हणाला. तिला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं. तिला काय म्हणायचं होतं तेच तिला कळत नव्हतं. मूल झालं आणि मुलगी झाली, तर पुन्हा तेच नाणं उडणार. आणि आईला सांगायचं तर तिच्या पदरात अजून एक वाक्य पडणार, मीच दिलं की गं.

या महिन्यात तरी पाळी जरा उशिरा यावी, अशी ती मनातल्या मनात याचना करत होती. ज्या बायकांना मूल हवं असतं त्याही हेच मागतात. फक्त तिचं कारण भलतंच.

अशा मनाने ती त्या सकाळी सातव्या महिन्याचं पोट बांधून, वर सैल झगा घालून बाहेर पडली.

पोट बाहेर काढलं की जग कसं वागतं, ते तिला ठाऊक होतं. पाचवा महिना तिने मुरवलेला होता. पण सातव्याची ऐट वेगळी. बसमध्ये दोघे एकदम उठले आणि जागा कोणी द्यायची यावरून त्यांची जुंपली. भाजीवालीने पोट न्याहाळून, टोकदार आहे, मुलगाच, असं ठामपणे सांगितलं. पोट टोकदार होतं कारण आईने ते टोकदार शिवलं होतं, आणि आईने तसं शिवलं होतं कारण दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगाच व्हायचा होता. धाकटी सगळ्यांकडे बघून हसत होती. आणि चालता चालता तिच्या लक्षात आलं, की आपला हात केव्हापासून पोटाखाली गेलाय. कोणी ठेवायला सांगितला नव्हता. मुरवण्याच्या कामात हात ठेवणं येत नाही. तिने तो काढला. चार पावलांवर तो पुन्हा तिथेच.

तेवढ्यात खोट्या पोटाखालचं खरं पोट दुखू लागलं. ही कळ तिच्या जुन्या ओळखीची होती. मग ओलसर लागलं. मागून सावकाराने गाठावं तसं पाळीने तिला भर रस्त्यात गाठलं होतं, तेही वेळेवर.

समोर औषधाचं दुकान होतं. धाकटी आत शिरली, रांगेत उभी राहिली, आणि आपण कशा दिसतोय हे साफ विसरून, नंबर आल्यावर हळूच म्हणाली, एक सॅनिटरी पॅडचं पाकीट द्या.

औषधवाली बाई चष्म्याला साखळी लावलेली, चटपटीत. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"कोणासाठी?"

"मला."

"कधीपासून जातंय?"

"आत्ताच. वाटेत."

औषधवाली काउंटरला वळसा घालून कधी बाहेर आली ते कळलंच नाही. धाकटी खुर्चीवर बसलेली होती, तिचे पाय खोकल्याच्या औषधाच्या खोक्यावर होते, आणि मागची एक म्हातारी तिचा हात धरून चोळत होती. एक गृहस्थ घशाच्या गोळ्या घ्यायला आले होते. ते हातात पैसे धरून खांबासारखे उभे. कोणीतरी रुग्णवाहिकेचा नंबर विचारत होतं. हलू नका, असं औषधवालीने फर्मान काढलं.

धाकटीला उशिरा उजेड पडला. ती म्हणाली, "अहो, मी गरोदर नाहीये."

औषधवालीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि वेड्याची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली, "हो, हो. नाही आहात."

म्हातारी हळहळली, मन मानत नाही गं सुरुवातीला, म्हणाली, आणि हात आणखी जोरात चोळू लागली.

आता झगा वर करून पट्टे दाखवावेत, तर समोर ते गोळ्यांचे गृहस्थ. पोट सोडून टेबलावर ठेवावं, तर नियम. पाळी आली म्हणून मुरवण मोडली असं आईला सांगायची सोय नव्हती. आई म्हणाली असती, मला मुरवताना कधी आली नव्हती का. शेवटी धाकटी खुर्चीतूनच ओरडली, "पोट खोटं आहे. पाळी खरी आहे."

हे ऐकून औषधवालीने सगळ्यात आधी घरच्यांचा नंबर मागितला. धाकटीने आईचा दिला. यातून सोडवू शकेल असं दुसरं माणूस जगात नव्हतं. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्या दुकानाने ऐकला. आई, मी औषधाच्या दुकानात आहे, मला पाळी आलीय आणि हे लोक मला इस्पितळात न्यायला निघालेत, असं धाकटीने सांगितलं. पलीकडून आई म्हणाली, "पोट काढू नकोस. आलेच."

औषधवालीने म्हातारीकडे पाहिलं. खाणच तशी दिसतेय, असं त्या बघण्यात होतं.

आई आली ती कामावरून उठून तशीच. डावी छाती टाचण्यांनी भरलेली. म्हातारीने धाकटीचा हात सोडला आणि स्वतःचं तोंड धरलं. आईने तिकडे लक्षही दिलं नाही. तिने लेकीचा झगा कमरेपर्यंत उचलून पट्टे, बकलं आणि शिवण दुकानाला दाखवली, हे नाट्यगृहाचं काम आहे, आम्ही चोर नाही, असं सांगितलं आणि पोटाच्या खालच्या बाजूला हात घालून, अजून दोन बोटं उतरायला हवंय, असा शेरा मारला. घशाच्या गोळ्यांचे गृहस्थ गोळ्या न घेताच निघून गेले.

औषधवाली बिचारी ओशाळली. तिने पॅडचं पाकीट दिलं आणि मागच्या कोठीच्या खोलीत न्हाणीघर दाखवलं. धाकटी उरकून बाहेर आली, तर आई एका खोक्यावर बसून तिची वाट बघत होती.

"पाळी आली म्हणून कोणी असं तोंड करत नाही," आई म्हणाली. "काय लपवतेयस?"

धाकटी समोरच्या खोक्यावर बसली. दोघींच्या मध्ये सातवा महिना. मग तिने सगळं सांगितलं. कमी उरलेली बीजं, वर्तुळं, दुकान बंद करायची नोटीस, पर्समधली चिठ्ठी, बुडवलेला मागचा महिना. आणि उद्या दुसरा दिवस आहे, हेही.

आईने छातीतली एक टाचणी काढली, बघितली आणि पुन्हा तिथेच खुपसली.

"म्हणजे छाती पण माझी आणि अंडी पण माझीच. तुझ्या बापाने तुला दिलं तरी काय?"

"घोरणं."

"ते मात्र भरपूर दिलं."

दोघी जरा हसल्या. मग धाकटीने इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलं. तुला आधी कोणी सांगितलं असतं, की मुलीला हे जाईल, तर तू मला जन्म दिला असतास का. विचारताना तिचा हात परत त्या पोटाखाली गेला होता.

आई म्हणाली, तुझ्या वेळी उलट्याच इतक्या होत्या, की कोणी विचारलं असतं तर मी त्याच्याच अंगावर ओकले असते. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी विचारच केला नसता गं. आमच्यात विचार करून कोण जन्मलंय? तुला विचार करायला मिळतोय, तर कर. नको असेल तर नको म्हण, मी हूं की चूं करणार नाही. पण मला वाईट वाटेल म्हणून नको म्हणू नकोस. आणि मला बरं वाटावं म्हणून हवं, असंही नको. माझ्या नावावर खपवू नकोस काही."

"मला हवंय," धाकटी म्हणाली, आणि तिचीच ती दचकली. मग घाईघाईने, म्हणजे मूल करायचं की नाही ते मी नंतर ठरवीन, जनुक तपासून करता येतं म्हणतात, तेही बघू, पण बीजं तरी ठेवून द्यावीत, दुखलं तर दुखलं, असं काय काय बोलत राहिली. आईला जे ऐकायचं होतं ते पहिल्या दोन शब्दांतच ऐकून झालं होतं. ती उठली आणि लेकीच्या झग्याखाली हात घालून बकलं सोडू लागली.

"अगं, मुरवण मोडेल."

"गार होऊ दिलं तर मोडेल. दोन-दोन पोटं एकदम सांभाळू नकोस. इकडे आण."

आणि औषधाच्या कोठीत, खोकल्याच्या बाटल्यांच्या साक्षीने, साठी ओलांडलेल्या आईने तो गरम सातवा महिना स्वतःच्या अंगावर चढवला. पट्टे घट्ट केले. पदर नीट ओढला. टाचण्यांची छाती वर, टोकदार पोट खाली. इकडून तिकडे दोन फेऱ्या मारून बघितल्या. म्हणाली, आता बरोबर उतरतंय, तुझ्या पाठीला जरा अकड आहे.

दोघी बाहेर आल्या तेव्हा दुकानात नवी गिऱ्हाइकं होती. म्हातारी अजून तिथेच, ती काही हे अर्धवट सोडून जाणाऱ्यातली नव्हती. धाकटीने पर्समधून चिठ्ठी काढली. इतके दिवस रुमाल आणि किल्ल्यांबरोबर फिरून तिच्या घड्या पार मऊ झाल्या होत्या. तिने ती काउंटरवर उलगडून ठेवली.

औषधवालीने चष्मा चढवून वाचलं. बीजं वाढवायची इंजेक्शनं. तिने आधी सपाट झालेल्या मुलीकडे पाहिलं, मग वाढलेल्या आईकडे, मग पुन्हा चिठ्ठीकडे. बराच वेळ काही विचारावं की विचारू नये असं तिच्या चेहऱ्यावर चाललेलं दिसत होतं.

"हे कोणासाठी?" तिने शेवटी विचारलं.

"मला," धाकटी म्हणाली.

औषधवाली फ्रीजकडे वळली. आईने कमरेवर हात ठेवून मागे बघितलं आणि खुर्चीवर बसलेल्या एका तरण्या मुलाला म्हणाली, "ऊठ रे बाबा जरा. सातवा चालू आहे मला."